मुरमाड तुकड्यासाठी सीताफळ

धावडा

चि. सोपान यास,


वरच्या अंगाच्या मुरमाड तुकड्यात मोसंबी घ्यावी की सीताफळ, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर सीताफळ. मोसंबीला मी कमी लेखत नाही. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. (बीडच्या सीताफळालाही त्याच वर्षी मिळालं, हेही ध्यानात ठेव.) पण मोसंबी बारमाही हिरवं झाड. वैशाखात विहिरीनं तळ गाठला तरी त्याची तहान थांबत नाही, आणि २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक बागांचं त्यापायीच सरपण झालं. सीताफळ हिवाळा सरता सरता पानं टाकतं, उन्हाच्या दिवसांत विश्रांती घेतं आणि फळ धरतं ते पावसाच्या ओलीवर. शेळीसुद्धा त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. मूळचं ते अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशाचं, पण अजिंठ्याच्या डोंगरउतारावर धावडा-सालईच्या सोबतीला रानासारखं रुजलं आहे.

यावर तू म्हणशील, बांधावर जे आपोआप येतं त्याची बाग कशाला करायची? लोक फसतात ते इथंच. झाड जगणं वेगळं, माल देणं वेगळं. सीताफळाच्या एकाच फुलात मादीभाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, म्हणून फूल स्वतःचं स्वतः फळत नाही. मधमाशीही फारशी येत नाही. पराग नेतात ते बारीक भुंगेरे. हवा कोरडी आणि तापलेली असली की मादीभाग सुकतो, फूल गळतं. परागीभवन अर्धवट झालं तर फळ वेडंवाकडं होतं. मे महिन्यात पाणी देऊन फुलं काढायची घाई केलीस तर ती लूच्या झळांनी झडतील. म्हणून मृगाचा बहार धर, पश्चिमेला शेवरीची ओळ लाव आणि फुलोऱ्यात विषारी फवारणी करू नकोस. खाली पाणी साचलं तर मुळं कुजतात. काळ्या रानापेक्षा मुरूम बरा तो यासाठी. पण फळ पोसताना पावसानं ओढ दिली तर दोन-तीन पाळ्या पाणी हवंच, तेवढी सोय आधी कर.

दुसरा आक्षेप खरा आहे: फळ नाशवंत. तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं आणि फार गारव्यात साल काळी पडते. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचं गोल्डन वाण जास्त टिकतं, म्हणून दूरच्या बाजारासाठी त्याच्या काही ओळी ठेव. चवीला मात्र मी बाळानगर वाणच निवडेन, आणि जवळच्या बाजाराला तेच चालतं. फळाचे डोळे उघडले, मधल्या रेघा पिवळसर झाल्या की तोड. त्याआधी तोडलेलं फळ नीट पिकत नाही. आणि पिठ्या ढेकणाकडे काणाडोळा करू नकोस. मुंग्या त्याला झाडभर फिरवतात, तेव्हा खोडाला चिकटपट्टी बांध.

पाच बाय पाच मीटरवर एकरी सुमारे १६० झाडं बसतात. यंदा निम्म्याच तुकड्यात लाव. खड्डे एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू दे, आणि कलमं पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावरच आण.

तुझा,
काका