आधी सांधा बघ

पुणे

चि. सानिका हिस,


लंडनला सुखरूप पोचलीस, खोलीही मिळाली, हे ताईकडून कळलं. आता जुन्या विटांच्या घरांचा अभ्यास सुरू होईल, म्हणून चार गोष्टी लिहितो.

पहिल्या सुट्टीला गफ स्क्वेअरमधलं १७ नंबरचं घर बघून ये. सतराव्या शतकाच्या अखेरीचं हे घर. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा १७५५ साली निघालेला इंग्रजी कोश याच घराच्या माळ्यावर तयार झाला. दाराची जाडजूड साखळी आणि वरच्या झरोक्यातला काटेरी गज बघ. चोरांचा धाक किती होता ते कळेल. पहिल्या मजल्यावरच्या लाकडी भिंती बिजागऱ्यांवर फिरतात.

मग गल्ल्यांतून खिडक्या बघत चाल. १६६६च्या आगीनंतर लंडन शहरात बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात, असा कायदा झाला. १७०९च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट ४ इंच आत सरकवली, १७७४च्या कायद्याने ती विटेआड दडवली. पण चौकट पाहून घराचं साल सांगायची घाई करू नकोस. खिडक्या मागाहून बदलतात, आणि कायदा सगळ्यांनीच पाळला असं नाही.

दर्शनी भिंतीत एक वीट लांबीने, शेजारची तोंडाने, अशी फ्लेमिश बाँडची रचना दिसेल. तिच्यावरही लगेच विश्वास ठेवू नकोस. महागडी दर्शनी वीट वाचवण्यासाठी कित्येक ठिकाणी तोंडाच्या विटा अर्ध्या तोडून लावल्या आहेत. अशी भिंत मागच्या बांधकामाला नीट धरलेली नसते. कोपऱ्यावर उभी राहून भिंतीच्या कडेने नजर टाक. फुगवटा असला तर तिथे दिसेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विटांमधला सांधा. नोकरीत नवा असताना मी एका वाड्याच्या भिंतीत सिमेंटने सांधे भरून घेतले. काम देखणं झालं. दोन पावसाळ्यांनंतर सांधे जसेच्या तसे होते, विटांचे मात्र पापुद्रे सुटत होते. चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडणारी ओल मी कोंडली होती. ती विटेतून वाट काढू लागली. तुझ्याकडे तर थंडीत विटेतलं पाणी गोठून फुगतं, म्हणजे नुकसान अधिकच. चुना झिजतो, तो पुन्हा भरता येतो. दोनशे वर्षांपूर्वी भाजलेली वीट पुन्हा आणता येत नाही. म्हणून सांधा नेहमी विटेपेक्षा मऊ ठेव. दुसरं काही विसरलीस तरी हे विसरू नकोस.

दिवाळीपर्यंत एका भिंतीचं हाताने काढलेलं रेखाटन पाठव. प्रत्येक वीट मोजून काढ, आणि सांध्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिही.

तुझा,
मामा