कॉपी झाली, पण पोचली का?

अगं राणी, तेच फोल्डर, तीच हार्डडिस्क, तरी एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याच्या दुप्पट वेळ लागला, म्हणून ते काढून टाकायला निघालीस? थांब जरा. लोणावळ्याच्या रिसॉर्टांतली लग्नं शूट करतेस तू, आणि कुणाची सप्तपदी पुन्हा होत नाही. दुसऱ्याचा तो वेग आला कुठून, ते आधी बघ.

'झालं' म्हणणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा फोटो रॅममध्ये ठेवून मोकळं होतं. डिस्कवर लिहिणं मागून चालूच असतं. विंडोज एक्सपीत असंच व्हायचं. 2007 मध्ये व्हिस्टानं रॅमची ही सोय सोडून थेट डिस्कवर लिहायला घेतलं, तर लोकांची तक्रार आली, कॉपी मंदावली! पुढच्याच वर्षी सर्व्हिस पॅकमध्ये मायक्रोसॉफ्टनं जुनी पद्धत परत आणली. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि वीज गेली की रॅममधलं सगळं गेलं. वायर मध्येच ओढली तरी लिहायचं राहिलेलं राहूनच जातं, म्हणून इजेक्ट केल्याशिवाय ती ओढायची नाही.

शिवाय तू कॉपी केलेल्या त्या लोहगडच्या फोल्डरात मोठ्या रॉ फाइली थोड्या, प्रिव्ह्यूच्या बारीक फाइली हजारोंनी. पन्नास माणसं एका एसटीतून नेली तर वरसोलीला टोल एकदाच, पन्नास गाड्यांतून नेली तर पन्नासदा. तसं प्रत्येक फाइल उघडणं, नोंदवणं, बंद करणं आलंच. वर अँटिव्हायरसची तपासणी. विंडोजमधल्या रोबोकॉपीला '/एमटी' सांगितलंस तर ते एका वेळी आठ फाइली घेतं. एसएसडीवर याचा खूप फायदा होतो, पण फिरत्या तबकडीच्या डिस्कवर उलट धावपळच वाढते.

आणि तुझी तुलनाही मला पटलेली नाही. दुसऱ्यांदा चालवलेल्याला फाइली आयत्या रॅममध्येच मिळाल्या असतील. मध्ये मशीन रीस्टार्ट करून पाहा.

लग्नाचं मेमरी कार्ड मात्र टेराकॉपी या सॉफ्टवेअरनं, व्हेरिफाय लावूनच उतरव. ते कॉपी पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडून बघतं, म्हणून वेळ लागतो. तो लागू दे. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही, नवरीकडच्यांनी कितीही घाई केली तरी.

तुझी वायरही बघ गं. यूएसबी 2.0 ची असेल तर सेकंदाला 480 मेगाबिट ही तिची कागदावरचीच कमाल. कुठलंच सॉफ्टवेअर त्यापुढे जाणार नाही. बाजारात चांगली मिळाली नाही तर कळव, मी पुण्याहून येताना घेऊन येते.