टोपाखालचा स्पीकर

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर वांगणीला आई-बाबांकडे गेलो. बॅगा उघडायच्या आधी मी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं पाठवलेला अलेक्साचा स्पीकर तिथे नव्हता.

"आहे की," आई म्हणाली. "ओट्याच्या खाली, मोठ्या टोपाखाली."

टोप उचलला. वायर एका बाजूनं नीट बाहेर काढलेली, वीज चालू, आणि आत पिवळं वर्तुळ मंद मिचमिचत होतं. रात्री तो दिवा डोळ्यावर येतो, मधेच टिंग वाजतं आणि बाबांना दारावर कोणी आलंय असं वाटतं, असं तिनं सांगितलं. मग मला कळवलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "एवढ्यासाठी काय परदेशात फोन करायचा?"

परत न्यू जर्सीत एडिसनला आल्यावर मी ही गोष्ट आमच्या ओळखीच्या, वीस-पंचवीस वर्षं बाहेर राहिलेल्या मराठी घरांमध्ये सांगितली. मला वाटलं होतं लोक हसतील. हसलेच, पण त्याबरोबर प्रत्येकाकडून एक गोष्ट निघाली. लंडनजवळ स्लावला राहणाऱ्या एका ताईंच्या सासूबाईंनी स्पीकरवर विणलेला रुमाल टाकला होता. मेलबर्नच्या एका घराचा स्पीकर डोंबिवलीत कपाटात साड्यांमध्ये ठेवलेला सापडला. दुबईतल्या एका काकांच्या आईनं सरळ प्लग काढून ठेवला आणि मुलाचा फोन आला की लावायची, त्याला वाईट वाटू नये म्हणून. यापैकी कुणीही तक्रार केली नव्हती. म्हणून नव्यानं बाहेर आलेल्यांसाठी हे लिहितोय. पहिल्या पगारातून आई-बाबांना स्पीकर पाठवायची इच्छा तुम्हालाही होणार आहे. जरूर पाठवा. पण तो गप्प बसवायचं काम तुमचं आहे, त्यांचं नाही.

आधी आमच्या घरी नेमकं काय झालं ते सांगतो, कारण दहातल्या आठ घरांत तेच झालेलं असतं. स्पीकर इथूनच चालू करून, माझ्याच अ‍ॅमेझॉनच्या खात्याला जोडून मी तो पाठवला. तयार करून दिला की त्यांना काही करावं लागू नये, हा त्यामागचा विचार. पण अलेक्साचे स्पीकर खात्याच्या मागे चालतात, घराच्या नाही. मी न्यू जर्सीत मागवलेलं पार्सल दाराशी पडलं की त्याची वर्दी माझ्या खात्यावरच्या प्रत्येक स्पीकरला जाते. इथे संध्याकाळी पाच वाजता पार्सल आलं, की हिवाळ्यात वांगणीत पहाटेचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेले असतात. माझ्या बुटांची, मुलाच्या डायपरांची आणि बायकोच्या कुंडीची बातमी बदलापूरच्या पुढे, शेलूच्या अलीकडे टिंग टिंग पोचत होती. चूक यंत्राची नव्हती, माझीच होती.

तेव्हा सर्वांत चांगला उपाय हा, की आई-बाबांच्या नावानं भारतातलं वेगळं खातं उघडा आणि स्पीकर त्याला जोडा. तुम्ही आधीच माझ्यासारखं करून बसला असाल, तर आपल्या अ‍ॅपमधून तो स्पीकर खात्यातून काढायचा आणि सुट्टीवर गेलात की त्यांच्या फोनवरून नव्यानं जोडायचा. अर्धा तास जातो. अमेरिकेतून नेत असाल, तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलंय का तेवढं बघा.

सुट्टी लांब असेल तर तोवरची सोय इथे बसून करता येते, हा एकाच खात्याचा एक फायदा. वांगणीच्या फळीवरच्या स्पीकरची सगळी बटणं माझ्या फोनमध्ये आहेत. अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये खाली 'मोअर', त्यात 'सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. तिथे 'अ‍ॅमेझॉन शॉपिंग' उघडलं की पार्सल निघालं, पार्सल पोचलं, पुन्हा मागवा, सवलत आहे, वस्तूला तारे द्या अशी एकेक बटणं दिसतात. मी सगळी बंद केली. वस्तूचं नाव मोठ्यानं सांगायचं की नाही याचं बटण वेगळं आहे, आणि ते अगदी पहिल्यांदा बंद करा. आमच्या ओळखीत एका मुलीनं आईच्या साठीसाठी घड्याळ मागवलं होतं; आठ दिवस आधीच स्पीकरनं आईला ब्रँडसकट सांगून टाकलं.

त्याच यादीत खाली 'थिंग्ज टू ट्राय' असतं. म्हणजे आज हे करून बघा, ते विचारून बघा. तेही बंद. वेगवेगळ्या 'स्किल्स'ना, म्हणजे अलेक्साच्या छोट्या अ‍ॅपना, सूचना द्यायची परवानगी आपणच कधीतरी दिलेली असते, तीही तिथेच काढता येते. अ‍ॅपचा चेहरा मधून मधून बदलतो, एखादं बटण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. सापडलं नाही तर 'नोटिफिकेशन्स' हा एकच शब्द धरून शोधा.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा, कारण मी यावर एक रविवार घालवलाय. पार्सलच्या सूचनांचं बटण खात्याला असतं, तर 'डू नॉट डिस्टर्ब' यंत्राला असतं. म्हणजे एडिसनच्या घरी पार्सलची टिंग हवी आणि वांगणीला नको असेल, तर पहिलं बटण उपयोगाचं नाही. 'डिव्हायसेस'मध्ये जाऊन वांगणीचा स्पीकर निवडायचा आणि त्याच्यापुरतं 'डू नॉट डिस्टर्ब' लावायचं. रोज रात्री नऊ ते सकाळी सात, असं वेळापत्रकही लावता येतं. ते त्या स्पीकरच्या वेळेनुसार चालतं, म्हणून त्याचा पत्ता आणि टाइम झोन भारताचा आहे ना हे आधी तपासा. आमचा स्पीकर कित्येक महिने बाबांना न्यू जर्सीचं हवामान सांगत होता. ऐन मे महिन्यात तो थंडीबद्दल बोलायचा आणि बाबा मान डोलवायचे. त्यांना वाटायचं, मुलाकडचं सांगतोय, बरंच आहे.

'डू नॉट डिस्टर्ब' लावलेलं असताना कुणी काही विचारलं, की उत्तरानंतर जांभळी चमक येऊन जाते. आई-बाबांना रंगांचा अर्थ एकदा फोनवर सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात. निळा म्हणजे ऐकतोय. पिवळा म्हणजे निरोप किंवा सूचना आहे. लाल म्हणजे माइक बंद. हिरवा फिरायला लागला की कुणाचा तरी कॉल. पिवळा घालवायचा तर सूचना ऐकून घ्यायच्या किंवा "अलेक्सा, डिलीट ऑल नोटिफिकेशन्स" म्हणायचं. अलेक्साला मराठी येत नाही. भारतात ती २०१७ मध्ये इंग्रजीत आली आणि २०१९ पासून हिंदी बोलते. आमच्याकडे हिंदी लावली आहे. आई तिच्याशी ज्या हिंदीत बोलते ती हिंदी फक्त कर्जत लोकलच्या महिला डब्यात ऐकू येते, पण अलेक्साला कळते.

पिवळा दिवा एवढा टोचतो कशाला, असं इथल्या मित्रांनी विचारलं. त्यांना आमची रात्र माहीत नाही. मुंबईहून खगोल मंडळाची मंडळी रात्रभराच्या आकाशदर्शनाला वांगणीला यायची ती अंधारासाठी. आता इमारती वाढल्या, तो काळोख उरला नाही, तरी आमच्या घराच्या मागच्या बाजूला अजून थोडा आहे. त्यात तो दिवा कंदिलासारखा दिसतो.

आता अलेक्साच्या बोलघेवडेपणाकडे. वेळ विचारली तर वेळ सांगून पुढे "बाय द वे" म्हणत ती काहीतरी सुचवते. "अलेक्सा, स्टॉप बाय द वे" म्हटलं की काही काळापुरती गप्प बसते. 'व्हॉइस रिस्पॉन्सेस'मध्ये 'ब्रीफ मोड' आहे, तो लावला की बडबड कमी होते. 'हंचेस' नावाचं एक प्रकरण आहे, दिवा चालू राहिलाय, बंद करू का, असं ती विचारते. ते सेटिंग्जमधून बंद होतं. बोलून खरेदी करायची सोयही जाता जाता बंद करा. आणि घरात अलका नावाची आत्या असेल तर हाक मारायचा शब्दच 'एको' करून टाका, म्हणजे आत्याला चहाला बोलावलं की स्पीकर जागा होणार नाही.

गुगलचा स्पीकर असेल तर काम थोडक्यात आटोपतं. "हे गुगल, टर्न ऑन डू नॉट डिस्टर्ब" म्हटलं की सूचना थांबतात, गजर मात्र वाजतो. गुगल होम अ‍ॅपमध्ये 'नाइट मोड' आहे, त्यात रात्रीपुरता आवाजही उतरतो आणि दिव्यांचा उजेडही.

सगळं बंद करायच्या आधी मात्र दोन गोष्टींवर थांबा.

पहिली 'ड्रॉप इन'. तुम्ही इथून बटण दाबलं की समोरच्यानं न उचलताच तिकडचा स्पीकर बोलायला आणि ऐकायला लागतो. एकट्या आईसाठी ही सोय चांगली वाटते. स्लावच्या ताईंनी एकदा वेळेचा हिशेब चुकून रात्री एकला ड्रॉप इन केलं. अंधारात अचानक सुनेचा आवाज आल्यावर सासूबाईंचा जीव उडाला. दिवसा चालू, रात्री 'डू नॉट डिस्टर्ब', हा मध्यम मार्ग. पण मग रात्री तुमचा ड्रॉप इनही अडतो आणि स्पीकरवरचा कॉलही. त्यामुळे अडचणीच्या वेळचा रस्ता फोनच असला पाहिजे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं, त्या दिवशी इथून आम्ही सगळे वेड्यासारखे घरी फोन लावत होतो. तेव्हा बाबांचा साधा कीपॅडचा फोनच लागला. आता त्यांच्या नव्या फोनमध्ये रात्रीच्या शांततेतही माझा आणि बहिणीचा कॉल वाजावा असं करून ठेवलंय. तुम्हीही स्पीकर गप्प करायच्या आधी हे करा.

दुसरी गोष्ट मला आमच्या मागच्या चाळीतल्या काकांनी शिकवली. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं बरीच आहेत; लोकलमध्ये की-चेन, कव्हरं विकणारी अनेक माणसं इथे राहतात. १७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर पॉइंट्समन मयूर शेळके यांनी रुळावर पडलेल्या ज्या मुलाला गाडी येता येता वाचवलं, त्याची आई दृष्टिहीन होती. त्यानंतर देशाला हे कळलं. आमचे हे काकाही दृष्टिहीन. माझा जुना स्पीकर मी त्यांना दिला होता. आमच्या घरच्या टोपाच्या अनुभवानं शहाणा होऊन मी त्यांच्याही स्पीकरचे सगळे आवाज बंद करत सुटलो. ते म्हणाले, "अरे, तुला दिवा दिसतो, मला टिंगच दिसते."

खरं होतं. निळा, पिवळा, जांभळा, त्यांना काय त्याचं? हाक मारल्यावर यंत्र ऐकायला लागलं की नाही, हे त्यांना आवाजावरूनच कळणार. त्यांच्या स्पीकरच्या 'साउंड्स'मध्ये जाऊन ऐकायला सुरुवात करतानाचा आणि ऐकून संपल्याचा असे दोन्ही बारीक आवाज उलट चालू केले. सूचनांचा आवाज वेगळ्या पट्टीवर कमी-जास्त करता येतो, तो त्यांना हवा तितका ठेवला. खरेदीच्या जाहिराती बंद, पार्सलची वर्दी चालू, कारण दाराशी ठेवलेलं पार्सल त्यांना दुसऱ्या कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा ज्याचं घर त्याला विचारून बटणं दाबा. माझ्या घरी जे बंद करायचं, तेच भिंतीपलीकडे चालू ठेवायचं होतं.

आणखी एक गोष्ट सांगावी की नाही, यावर आमच्यात मतभेद आहेत. एकाच खात्यावर स्पीकर असला की तिकडे जे जे विचारलं जातं, त्याची नोंद तुमच्या अ‍ॅपमध्ये येते. 'मोअर'मध्ये 'अलेक्सा प्रायव्हसी' उघडलं की आवाजही ऐकता येतो. दुबईचे काका म्हणतात, बघूच नये, आई-बाबांच्या खोलीला कान लावल्यासारखं आहे, नोंदी आपोआप पुसल्या जातील असं करून टाकावं. मलाही आता तेच पटतं. पण डिसेंबरात परत आल्यावर मी एकदा पाहिलं. पहाटे चारच्या आसपास, जवळजवळ रोज, बाबांचा आवाज: "अलेक्सा, टाइम क्या हुआ?" मला वाटलं, माझ्या पार्सलांनीच त्यांची झोप घालवली. त्याच रात्री बसून मी वर लिहिलेलं सगळं बंद केलं.

पंधरा दिवसांनी फोनवर आईला विचारलं, आता झोप लागते का?

"टिंग नाही वाजत आता," ती म्हणाली. "टोप पण काढला."

मग बाबा अजून चारला का उठतात?

"ते कधी नव्हते उठत? बत्तीस वर्षं पहाटेची लोकल पकडलीय त्यांनी. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी जागे होतात. वेळ विचारतात आणि पुन्हा झोपतात."