बंदुकीचे तेल : वंगण वेगळे, गंजरोधक वेगळे

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे बारा बोअरची. निवडणूक आली की यांपैकी अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. महिना-दीड महिन्याने हाती येतात तेव्हा नळीवर तांबूस थर चढलेला असतो. "देताना भरपूर तेल लावले होते," ही मालकाची तक्रार. आम्ही म्हणतो, तेल लावले हे खरे. पण कोणते आणि कशावर?

आधी 'कशावर' ते पाहू. ठासणीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. त्यातले क्षार हवेतील ओल ओढून घेतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून न धुता तेल लावणे म्हणजे मिठावर झाकण ठेवणे. आत गंज चालूच राहतो. नळी दस्त्यापासून वेगळी करावी, किंचित साबण घातलेल्या गरम पाण्याने धुवावी, कोरड्या चिंध्या काळ्या निघणे थांबेपर्यंत फिरवाव्यात. लोखंड गरम झालेले असल्याने ते लवकर सुकते. मगच तेल. आजच्या बिनधुराच्या दारूच्या काडतुसांना पाण्याची गरज नाही. साफ करण्याचे द्रव आणि चिंधी पुरे.

आता 'कोणते' ते पाहू. घोडा, चाप, बिजागरी हे हलणारे भाग. त्यांना पातळ खनिज तेल, शिलाई मशीनचे चालते, आणि तेही थेंबभर. जास्त तेलावर धूळ बसते आणि ते ओघळून दस्त्याचे लाकूड मऊ करते. स्वयंपाकघरातले तेल मुळीच नको. खोबरेल थंडीत गोठते. जवसाचे तेल हवेने सुकून चिकट होते. ते लाकडी दस्त्याला उत्तम, चापाला घातक. रॉकेल मळ काढते, पण उडून जाते. राखण करीत नाही.

डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्याबद्दल कारागीर नेहमी विचारतात. १९५३ साली अमेरिकेत तयार झालेल्या या द्रवाच्या नावाचा अर्थच 'पाणी हटवणे, चाळिसावा प्रयोग' असा आहे. भिजलेल्या बंदुकीतली ओल काढायला तो चांगला. परंतु मागे राहणारा थर पातळ असतो. पावसाळाभर त्याच्यावर विसंबू नये.

महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर मेणचट थर सोडणारे गंजरोधक तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. हात देताना बोटांचे ठसे पुसावेत. घामातही मीठ असते. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवू नये, चामडे ओल धरते. तेल दस्त्यात उतरू नये म्हणून तोंड खाली करून उभी करावी.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडी सांगावीच, शिवाय चिठ्ठीवर लिहूनही द्यावी : बार काढण्यापूर्वी नळीतील जाड तेल किंवा जेली कोरडी पुसून काढणे. आत अडथळा राहिला तर नळी फाटू शकते. येथे प्रश्न गंजाचा नसून हाताचा आणि डोळ्यांचा आहे.

गंज चढलेला असेल तर पॉलिश कागद हाती घेऊ नये. नळीचा काळसर मुलामा निघून जातो आणि गंज पुन्हा लवकर येतो. तेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, मग अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासावे.

काम हाती घेताना दोन नियम. पहिला, बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करावी. ठासणीच्या नळीत गज टाकून पाहावा; तो तळाशी न पोचता अलीकडे थांबला तर आत बार भरलेला आहे असे समजावे आणि हात थांबवावा. दुसरा, १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. आपला परवाना चालू असावा आणि गिऱ्हाइकाच्या परवान्यावरील क्रमांक बंदुकीशी जुळवून मगच ती ठेवून घ्यावी.

दुरुस्तीपेक्षा राखणीचे काम स्वस्त वाटते. पण बंदूक जमा करण्याआधी आणि पावसाळ्याच्या तोंडावर साफसफाई करून देणाऱ्या दुकानाकडे गिऱ्हाईक दरवर्षी येते. दुकानात ठेवलेली वस्तू ही अमानत. ती घेतली त्याहून चांगली परत द्यावी, यातच कारागिराचे नाव आहे.