अंगणवाडी गावात, मूल फडात

दसरा जवळ आला की आमच्या बँकेतल्या गर्दीचे रूप बदलते. काउंटरपुढे नवरा-बायकोची जोडी उभी राहते, बाईच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचे मूल असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, पैसे आले का?" मुकादमाची उचल बहुधा रोख हातात पडलेली असते. विचारणा असते ती बाळंतपणाच्या शासकीय साहाय्याची. खाते उघडून पाहावे तर आधार जोडलेले नसते, किंवा कधीकाळी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेले असते. दुरुस्तीचा अर्ज भरून द्यावा, तोवर त्यांची गाडी निघण्याची वेळ झालेली असते. मग ते कुटुंब सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकाकडे जाते आणि पाडव्याच्या सुमारास परत दिसते. कडेवरच्या त्या मुलाचे मधल्या पाच-सहा महिन्यांत काय होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडत आला. त्यासंबंधी जे वाचले आणि विचारपूस करून जे कळले, ते संस्थेच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, वह्या-पुस्तके वाटतो. ते केलेच पाहिजे. परंतु दहावीत मागे पडलेला विद्यार्थी पुष्कळदा पहिलीच्या वर्गात पाय ठेवण्याआधीच मागे पडलेला असतो. गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या साधारण एक हजार दिवसांत मेंदूची वाढ जेवढ्या झपाट्याने होते, तेवढी पुढे कधीही होत नाही. या काळात पोटाला नीट मिळाले नाही, वारंवार जुलाब-ताप झाले, कोणी त्याच्याशी बोलले-खेळले नाही, तर उंचीबरोबर समजही खुंटते. ही तूट नंतर शिकवणी लावून भरून काढणे फार कठीण जाते.

अंगणवाडी हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे, पण तो कोठून आला हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. गावातली बालवाडी चांगली चालली होती, पण दलित वस्तीतली मुले तिथवर येत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले गुरे राखायला जात म्हणून शाळा त्यांच्यामागे कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणत. मूल येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे. तो आपण जवळजवळ विसरलो आहोत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढील दवाखान्यात पाठवणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, मोठ्यांना गरम ताजा. लोक अंगणवाडीला खिचडीचे घर समजतात, त्यामुळे बाकीच्या पाच सेवा कोणी मागतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगितले की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हा आहार मुलाचा हक्क ठरवला. म्हणजे अंगणवाडीत कोणी उपकार करीत नाही, हे आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगण्याची गरज आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या डोंगरपट्ट्यातून दरवर्षी कोयत्यांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईला मागे राहण्याची मुभाच नाही. दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. त्याआधी भाकरी, कालवण करून बांधायचे. तान्हे मूल फडात नेले तर गाडीला झोळी बांधून त्यात टाकतात, किंवा पाचटावर फडके अंथरून निजवतात. थंडी, बैलाचा पाय, गाडीचे चाक, साप, सगळेच तिथे. कोपीवर ठेवले तर त्याच्याजवळ आठ-दहा वर्षांची बहीण राहते. त्या बहिणीची शाळा गेली, हे आपण धरतच नाही. एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे नुकसान होते आणि त्यातले एक बहुतेक वेळा मुलगी असते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली निघाल्या, तेथे जन्मलेल्या मुलीच्या वाट्याला हे येते.

आहाराचे गणितही नीट समजून घेतले पाहिजे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते. मुलाचे पोट लहान, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे, मऊ, ताजे भरवावे लागते. फडावर सकाळची तिखट कालवणाची भाकरी दुपारपर्यंत पुरवायची असते. मूल चार घास खाते आणि रडते. पाणी कोठले तरी, मग जुलाब. जुलाबाने भूक जाते, भूक गेली की वजन घटते, वजन घटले की पुन्हा आजार. आई निष्काळजी असते असे म्हणणाऱ्यांनी एक दिवस मोळ्या वाहून पाहाव्यात.

मोठ्या मुलांसाठी काही ना काही झाले. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली. पण दोन वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे पाळणाघर ठेवण्याची तरतूद होती. ऊस तोडणारी बाई मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, ती मुकादमाच्या वहीत असते, आणि त्या वहीतही नाव नवऱ्याचे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तरी ती सांभाळण्यास एक बाई नेमावी असे म्हटले होते. मातीकामाला जे सुचले ते ऊसतोडीला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. बाळंतिणीला विश्रांती आणि मोबदला मिळावा, त्यातच राष्ट्राचे हित आहे, ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९२८ मध्येच प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना मांडली होती. गिरणीतल्या बाईला त्यानंतर कायदा मिळाला. फडातली बाई अजून त्याच्या बाहेर आहे.

आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. काही मुलांची वाढ निराळ्या कारणाने अडते, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचा पाय जन्मतः वाकडा असतो, कोणी उशिरा बोलते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते आणि पुढील उपचारासाठी पाठवते. फडात गेलेल्या मुलाची त्यातली एक फेरी हमखास चुकते. वाकड्या पायाला जन्मानंतर लवकर, दर आठवड्याला बदलत पाच-सात प्लास्टर घातले आणि पुढे काही वर्षे बूट-पट्टी वापरली तर बहुतेक पाय सरळ होतात. अशा मुलाला मधेच घेऊन गेले तर सगळे वाया जाते. आमच्याकडे "होईल मोठा झाल्यावर" म्हणण्याची सवय आहे. चार महिन्यांत मान न धरणे, नऊ महिन्यांतही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षात न चालणे, मागून हाक मारल्यावर न वळणे, यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. मुलाशी बोलणे, त्याला वाटी-चमचा, चिंध्यांची बाहुली देणे, गाणे म्हणणे हेही पोषणच आहे. त्याला पैसा लागत नाही, जवळ माणूस लागतो.

संस्थेने काय करावे, याविषयी माझे मत सांगतो. मोठी योजना आपल्याला झेपणार नाही. पण आपल्या वस्तीतून कोण कोण जाणार हे भाद्रपदातच कळलेले असते. तेव्हा दोन शिकलेल्या मुलींनी घरोघर जाऊन सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी. प्रत्येकाचे वजन अंगणवाडीत करून घ्यावे, दंडाचा घेर मोजून घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. त्याला फडात नेणे म्हणजे जिवाशी खेळणे. अशा घरी मुलाची आजी मागे राहत असेल तर मूल तिच्याकडे ठेवता येईल का हे विचारावे. पण नुसते ठेवून भागत नाही, त्या म्हातारीच्या चुलीचा खर्च कोणी तरी उचलला पाहिजे, नाहीतर दोघेही उपाशी. तान्ह्याला आईपासून तोडू नये, हे तर उघडच आहे.

जे मूल जाणारच, त्याच्याबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड गेले पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते आईच्या पेटीत, कपड्यांच्या वर ठेवावे, कारण लसी, वजन, पुढची तारीख सारे त्याच्यावर असते. सेविकाताईंना सांगून स्थलांतराची नोंद करून घ्यावी, म्हणजे जाईल तेथल्या अंगणवाडीत आहार मागता येतो. टोळी मोठी असून तळावर चाळीस मुले भरत असतील तर वर सांगितलेल्या आदेशाचा आधार घेऊन तेथल्या बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे लेखी मागणी करता येते. तो अर्ज आपण येथूनच लिहून मुकादमाबरोबर द्यावा.

बँकेचे काम मी सांगतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या मातेला पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये आधार जोडलेल्या तिच्या स्वतःच्या खात्यात येतात. नवऱ्याचे खाते चालत नाही. पहिल्या मुलाचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि पहिल्या लसी पूर्ण झाल्यावर मिळतो, म्हणून लस परगावी घेतली तरी ती कार्डावर लिहून घ्यावी. दसऱ्याच्या गर्दीत येऊ नये. श्रावण-भाद्रपदात, सोमवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी दोननंतर यावे, आधार कार्ड, पासबुक आणि जोडलेला मोबाइल बरोबर आणावा. मी काउंटरवर नसलो तरी शेजारचे कोणी करून देतील.