जमिनीखालील विषाचा माग : भोपाळचे उदाहरण

विहिरीचे पाणी डोळ्यांना नितळ दिसले व जिभेला गोड लागले, म्हणजे ते निर्दोष आहे असे मानण्याची रीत फार जुनी आहे. मातीच्या थरांतून झिरपताना पाणी गाळले जाते आणि गढूळपणा व पुष्कळसे जंतू वरच अडतात, हे खरेही आहे. परंतु कारखान्यांतील कित्येक रासायनिक द्रव्ये या नैसर्गिक गाळणीला दाद देत नाहीत. रंग, वास वा चव यांवरून ती ओळखू येतीलच असे नाही. अशा द्रव्यांचा माग कसा काढतात, आणि काढलेल्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे, हे भोपाळच्या उदाहरणावरून चांगले समजते.

कारखाना व त्याची भूमी

भोपाळ शहराच्या उत्तर भागात युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, तेथून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. भूजलाचा प्रश्न मात्र त्या वायूमुळे उद्भवलेला नाही. त्याचा उगम त्याआधीचा आहे. कारखाना चालू असताना टाकाऊ द्रव्ये आवारातच टाकली जात. १९७७ मध्ये आवाराच्या उत्तरेस सांडपाणी उन्हाने आटवण्यासाठी तळी बांधण्यात आली. त्यांच्या तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर होते. तरीही त्यांतून गळती होत असल्याची नोंद १९८२ मधील कंपनीच्याच पत्रव्यवहारात आढळते. वायू वाऱ्याबरोबर गेला, कारखाना बंद पडला. कचरा मात्र तेथेच राहिला, आणि भोवतालच्या वस्त्यांतील लोक हातपंपांचे पाणी पीत राहिले.

द्रव्यांचे स्वभाव

अन्वेषणाचा आरंभ कागदपत्रांपासून होतो. कोणते द्रव्य वापरले गेले, ते कोठे साठवले, कोठे सांडले, हे आधी शोधावे लागते. कारण प्रत्येक द्रव्याचा स्वभाव निराळा असतो. हेक्साक्लोरोसायक्लोहेक्झेन हे कीटकनाशक पाण्यात फारच थोडे विरघळते व मातीच्या कणांना चिकटून राहते. म्हणून ते प्रथम मातीत शोधावे. कार्बन टेट्राक्लोराइड या विद्रावकाची गोष्ट वेगळी आहे. ते पाण्यापेक्षा सुमारे १.६ पट जड असल्याने भूजलाच्या पातळीशी न थांबता, अभेद्य थर लागेपर्यंत खाली उतरते आणि तेथे बसून वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. या हिशेबाने त्याचा एक लिटर सुमारे ४० कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत आणण्यास पुरेसा होतो.

पाण्याची दिशा व गती

यानंतरचा प्रश्न असा की, विष कोणत्या दिशेने व किती वेगाने जाते? त्यासाठी एका सरळ रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरी घेऊन त्यांतील पाण्याची पातळी एकाच मूळ उंचीपासून मोजतात. तिन्ही उंचींवरून जलपातळीचा उतार कळतो व उताराची दिशा हीच सामान्यतः प्रवाहाची दिशा असते. गतीचा नियम फ्रेंच अभियंता डार्सी याने १८५६ मध्ये मांडला. उतार जितका तीव्र व थर जितका पारगम्य, तितका प्रवाह अधिक, असे त्याचे सार आहे. उदाहरणार्थ, ५०० मीटरांत १ मीटर उतार, वाळूची पारगम्यता दिवसाला १० मीटर आणि तिच्यातील पोकळी चतुर्थांश असल्यास भूजल वर्षाला सुमारे २९ मीटर सरकते. चिकणमातीत हाच वेग हजारो पटींनी कमी होतो. परंतु तो थर भेदून गेलेली एखादी सदोष कूपनलिका असेल, तर विषाला खाली जाण्यास आयतीच वाट मिळते.

नमुन्याची शिस्त

नमुना घेण्यातील चूक प्रयोगशाळेत सुधारता येत नाही. विहिरीत साचून राहिलेले पाणी प्रथम उपसून टाकावे लागते. उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी काचेची बाटली काठोकाठ, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरतात व थंड ठेवतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली प्रवासात नेऊन आणतात. तीत विष आढळले, तर दोष विहिरीत नसून हाताळणीत आहे, असे ठरते. प्रवाहाच्या वरच्या बाजूचा नमुनाही तुलनेसाठी आवश्यक असतो.

निष्कर्ष कसे वाचावेत

भोपाळच्या जागेचे परीक्षण अनेकदा झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात मातीत पारा आणि भूजलात कार्बन टेट्राक्लोराइड व क्लोरोफॉर्म आढळल्याचे नमूद होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोवतालच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश दिला. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० मध्ये सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज दिला. भूजलाचे प्रदूषण मात्र थोड्या विहिरींपुरते असल्याचे म्हटले. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीनंतर, २०१८ पर्यंत, दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

या अंतरावरून एक धडा मिळतो. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. कोणत्या विहिरीत, किती खोलीवर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या द्रव्याचा शोध घेतला, हे कळल्यावाचून कोणताही निष्कर्ष पुरा होत नाही. शिवाय भूजल थांबत नाही. आजची स्वच्छ विहीर दहा वर्षांनी दूषित होऊ शकते. म्हणून तपासणी एकदा करून भागत नाही, ती नियमाने चालू ठेवावी लागते.

आवारात साठवलेला ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूर येथे नेऊन त्याच वर्षी जाळण्यात आला. जमिनीवरचा हा कचरा वाहनांतून नेता आला. मातीत मुरलेला व पाण्याबरोबर चालणारा भाग तसा नेता येत नाही; त्याचा मागच काढावा लागतो, आणि तो माग जितका उशिरा सुरू होतो तितका लांबत जातो.