जुन्या काँक्रीटची ताकद कशी तपासावी?

जुन्या इमारतीत गाळा घेताना, किंवा जुन्या स्लॅबवर यंत्रमाग, प्रेस वा पोटमाळा चढविताना आपण कॉलमवर दोन ठोके मारतो आणि "माल मजबूत आहे" असे ठरवून मोकळे होतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या रहिवाशांवर कोसळली आणि तिसाहून अधिक जीव गेले. जुन्या इमारतीच्या बाबतीत अंदाजावर विसंबणे किती महागात पडते, हे सांगायला एवढे पुरे आहे. याची दुसरी बाजूही आहे. दुरुस्तीने टिकू शकणारी इमारत 'धोकादायक' ठरली, तर पगडीच्या दुकानदाराचा पिढीजात धंदा उठतो. म्हणून तपासणीचा अहवाल आपल्याला वाचता आला पाहिजे.

मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तीत काँक्रीटच्या ताकदीसाठी मुख्यतः तीन परीक्षा होतात.

१) रिबाऊंड हॅमर : स्प्रिंगची हातोडी काँक्रीटवर आपटून किती उसळते ते मोजतात. प्लास्टर काढून, पृष्ठभाग घासून, कोरड्या जागी ही परीक्षा घ्यावी. एका ठिकाणी निदान सहा वाचने हवीत. खर्च कमी, म्हणून हीच जास्त वापरली जाते. पण फसगतही येथेच होते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साईडमुळे जुन्या काँक्रीटची वरची कातडी कठीण बनते व आकडा फुगतो. मानकानुसारच या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. कातडी फार कठीण झाली असेल तर त्याहूनही जास्त.

२) अल्ट्रासोनिक : ध्वनिलहर काँक्रीटमधून आरपार सोडून तिचा वेग मोजतात. पोकळी किंवा तडा असेल तर वेग घटतो. १९९२ च्या भारतीय मानकाप्रमाणे सेकंदाला ३.५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग म्हणजे चांगले काँक्रीट, ३ पेक्षा कमी म्हणजे शंकास्पद. आता आय.एस. ५१६ च्या पाचव्या भागाने त्याची जागा घेतली आहे. या परीक्षेने एकसंधपणा कळतो, नेमकी ताकद नव्हे.

३) कोअर : यंत्राने काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून फोडतात. ताकदीचा खरा पुरावा हाच. कोअरचा व्यास खडीच्या मापाच्या तिप्पट तरी असावा, निदान तीन कोअर घ्यावेत, कापताना सळई तुटू देऊ नये आणि भोक न आकसणाऱ्या ग्राऊटने भरून घ्यावे.

आता हिशोब पाहू. आय.एस. ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. समजा, काँक्रीट एम १५ चे आहे. म्हणजे सरासरी १२.७५ आणि प्रत्येक कोअर निदान ११.२५. कोअर १४, १३ आणि १२ आले, तर सरासरी १३, माल पास. पण १६, १५ आणि १०.५ आले, तर सरासरी १३.८ असूनही एक कोअर नापास. नुसती सरासरी पाहणारा येथे फसतो. हा निकष मुळात नव्या बांधकामासाठी आहे. जुन्या इमारतीत इंजिनिअरने मिळालेली ताकद घेऊन प्रत्यक्ष भाराचा हिशोब करायला हवा.

ताकद पुरेशी निघाली तरी काम संपत नाही. जी कार्बनची क्रिया कातडी कठीण करते, तीच पुढे सळईपर्यंत पोहोचून गंजाला वाट करून देते. काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडावे. गुलाबी झाले तर तो भाग अजून शाबूत. रंग आला नाही तर संरक्षण गेले.

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे की, अहवाल हाती येताच चार गोष्टी विचारा : हॅमरशिवाय कोअर घेतले का? कुठून घेतले? प्रत्येक कोअरचा आकडा दिला आहे का? सळईची तपासणी झाली का? उत्तरे मिळेपर्यंत नवे यंत्र चढवू नका. आणि केवळ हॅमरच्या आकड्यावर कोणी जागा खाली करायला सांगत असेल, तर दुसऱ्या नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. मात्र तडे वाढत असतील, स्लॅब झुकला असेल किंवा कॉलम फुगला असेल, तर अहवालाची वाट न पाहता आधी माणसे बाहेर काढा. माल नंतरही काढता येईल.